कार्ड आहे, पण यादीत नाव?

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाचा दिवस. दर्यापुरात आमच्या केंद्रावर शेजारच्या मावशी माझ्यापुढंच रांगेत होत्या. फोटोचं ओळखपत्र पदरात जपून बांधलेलं. आत गेल्या अन् लगेच परत आल्या. म्हणाल्या, "भाऊ, यादीत नाव नाही म्हन्तात. मंग हे कार्ड कायले देल्लं?"

आपल्यापैकी पुष्कळांचा घोटाळा इथंच होतो. मताचा हक्क यादीतल्या नावानं मिळतो. 'ती मीच' एवढंच कार्ड सांगतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ प्रमाणे यादीत नाव नसेल, तर मत देता येत नाही. फोटोचं ओळखपत्र आलं ते पुढं १९९३ साली, टी. एन. शेषन यांच्या काळात. दुसऱ्याच्या नावावर कुणी मत टाकू नये, हा त्याचा हेतू.

उलट, यादीत नाव आहे अन् कार्ड हरवलं, तर घाबरायचं कारण नाही. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, यांपैकी एक पुरतं. नुसती मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळख म्हणून चालत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं माहेरचं कार्डसुद्धा ओळखीला चालतं. नाव तेवढं सासरच्या यादीत हवं.

मावशींचं काय झालं? खेड्यातल्या घराला कुलूप लावून त्या दोन वर्षांपूर्वी मुलाकडं आल्या. तिकडं नाव कमी झालं, इकडं घालायचं राहून गेलं. पुण्याला, सुरतेला कामासाठी गेलेल्यांचंही असंच होतं.

म्हणून निवडणूक लागायची वाट पाहू नका. १९५० या क्रमांकावर किंवा आपल्या बीएलओकडं नाव तपासून घ्या. घर बदललं तर नमुना ८, नाव नव्यानं घालायचं तर नमुना ६. ऐन मतदानाच्या दिवशी नाव घालता येत नाही. नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच होतात. तेव्हा एक नाव सुटलं, की सगळीकडचं मत सुटतं.

पुढच्या आठवड्यात मावशींचा नमुना ६ मी भरून दिला. त्या दिवशीचं मत मात्र गेलं ते गेलंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)