जुना संगणक आणि स्वस्त कॅप्चर कार्ड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरच्या सखल भागांतील असंख्य घरांत पाणी शिरले. अशा शहरात माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशी पडून असलेल्या लग्नाच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकात उतरवून घेणे हे आता लांबणीवर टाकण्याजोगे काम राहिलेले नाही. त्यासाठी लागणारे व्हिडिओ कॅप्चर कार्ड म्हणजे व्हीसीआरमधून येणाऱ्या ॲनालॉग संकेताचे संगणकाला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करणारे छोटे उपकरण होय. मात्र त्याच्या खरेदीबाबत काही समजुती घट्ट रुजल्या आहेत.

गैरसमज १ : या कामाला नवा, वेगवान संगणक हवाच.

वस्तुस्थिती : भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि डिजिटल रूपात प्रत्येक चित्र साधारणपणे ७२० बाय ५७६ बिंदूंचे धरले जाते, त्यामुळे काहीही न दाबता घेतलेली नोंदसुद्धा सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट भरते आणि हा ओघ यूएसबी २.० च्या जोडणीत सहज मावतो. खरी अडचण साठवणुकीची असते, कारण अशा नोंदीचा एक तास सुमारे ७५ गिगाबाइट जागा घेतो, तर डीव्ही या दाबलेल्या स्वरूपात तोच तास सुमारे १३ गिगाबाइटमध्ये बसतो. म्हणून जुन्या संगणकासाठी प्रोसेसर बदलण्यापेक्षा मोठी हार्ड डिस्क घेणे अधिक उपयोगी ठरते. मात्र ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्या पद्धतीत एका फाइलला ४ गिगाबाइटची मर्यादा असते.

गैरसमज २ : खोक्यावर ‘४के’ छापलेले कार्ड घेतले की चित्र अधिक स्पष्ट येते.

वस्तुस्थिती : व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील असतो आणि जो तपशील मुळात नोंदलाच गेला नाही, तो कोणतेही कार्ड निर्माण करू शकत नाही. शिवाय ‘४के’ लिहिलेली स्वस्त कार्डे एचडीएमआय जोडणीची असतात, त्यांना व्हीसीआरची पिवळी, लाल आणि पांढरी पिन थेट जोडता येत नाही, आणि तो आकडाही बहुधा आत घेता येणाऱ्या संकेताचा असतो, नोंदल्या जाणाऱ्या चित्राचा नव्हे. कॅसेटसाठी पिवळ्या पिनेची म्हणजे कंपोझिट, आणि व्हीसीआरला सोय असल्यास एस-व्हिडिओ जोडणीचे कार्ड पाहावे.

गैरसमज ३ : नाव एकच असेल तर वस्तूही एकच असते.

वस्तुस्थिती : ‘इझीकॅप’ या नावाने विकल्या जाणाऱ्या, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या उपकरणांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिपा आढळतात आणि प्रत्येकीला तिचाच ड्रायव्हर, म्हणजे उपकरण व संगणक यांची सांगड घालणारी आज्ञावली, लागतो. त्यामुळे आपल्या विंडोज आवृत्तीसाठी ड्रायव्हर मिळतो की नाही, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे; यांपैकी काही चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असल्याने जुन्या संगणकावर तो पर्यायही खुला राहतो.

गैरसमज ४ : प्रत्येक जुन्या कॅसेटला कॅप्चर कार्ड लागतेच.

वस्तुस्थिती : मिनी-डीव्ही कॅसेटवरील नोंद मुळातच डिजिटल असते आणि फायरवायर जोडणीने ती जशीच्या तशी उतरवता येते, जुन्या संगणकाला अशी जोडणी असेल तर इथे त्याचे जुनेपणच कामी येते. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी मात्र एनटीएससी पद्धतीच्या असतात, त्यामुळे व्हीसीआर आणि कार्ड दोन्हींना ती पद्धत चालली पाहिजे.

गैरसमज ५ : पुरात भिजलेली कॅसेट वाळली की लगेच लावून पाहता येते.

वस्तुस्थिती : फितीवरचा गाळ आणि बुरशी व्हीसीआरच्या हेडला चिकटते आणि त्या हेडवर नंतर लावलेली चांगली फीतही खराब होऊ शकते, म्हणून अशी कॅसेट आधी जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. कार्ड उद्याही बाजारात मिळेल, चालू स्थितीतील व्हीसीआर मिळेलच असे नाही. त्यामुळे महागड्या कार्डासाठी पैसे साठवत बसण्यापेक्षा हाताशी असलेला व्हीसीआर दुरुस्त करून घ्यावा आणि साध्या कार्डावर पुढच्या पावसाळ्याआधी काम उरकावे.