वेगवान प्रोसेसर कोणाला हवा?

संगणक संथ झाला की ‘प्रोसेसर जुना झाला, नवे यंत्र घ्या’ असा सल्ला मिळतो. कामगारांच्या वर्गणीचा पै-पैसा जपणाऱ्या आम्हांला हा सल्ला तपासून घेणे अगत्याचे वाटते.

मागाचेच उदाहरण घ्या. कांडी वेळेवर पोचत नसेल, तर मागाची गती वाढवून कापड अधिक निघत नाही. प्रोसेसरचेही तसेच आहे. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ३०० कोटी ठोके देतो. उलट, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला एक नोंद शोधण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. तेवढ्यात प्रोसेसरचे ३ कोटी ठोके निघून जातात! पत्र लिहिताना, हिशेब मांडताना तो बहुतेक वेळ रिकामाच असतो. म्हणून आधी तबकडीच्या जागी एसएसडी बसवावी, रॅम अपुरी असल्यास वाढवावी; पुष्कळदा जुने यंत्र पुन्हा चपळ होते.

चित्रपटाचे संकलन करणाऱ्यास अधिक वेग खरोखरच हवा. परंतु त्याच्या गरजेची किंमत कारकुनाने का मोजावी?

दुसरी अडचण निराळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपविला. आणि विंडोज ११ साठी, सुरक्षिततेचे कारण देऊन, २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर अपात्र ठरविले. म्हणजे चालते यंत्र बाद होते ते अशक्तपणामुळे नव्हे, नियमामुळे. अशा पुष्कळ यंत्रांवर मोफत लिनक्स चालते.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी एवढेच विचारावे : आपले काम नेमके कोठे अडते आहे?