वेद चोरणारा विदूषक

कोल्हापूरहून गगनबावड्याचा घाट उतरला की लागणाऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कार्तिकापासून ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात, आणि त्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या पूर्वरंगात, म्हणजे ‘आडदशावतारा’त, गणपती व सरस्वती येऊन गेल्यावर काळा वेश आणि काळा बुरखा चढवलेला संकासुर प्रवेश करतो. वेद पळवून समुद्रात दडलेला पुराणातला शंखासुर तो हाच. पण दशावताराने या दैत्याला विदूषक करून टाकले आहे. मृदंगाच्या ठेक्यावर तो नाचतो, सूत्रधाराशी मालवणीत हुज्जत घालतो, आणि संवाद लिहून ठेवलेले नसल्यामुळे गावातल्या ताज्या भानगडींनाही त्याच्या तोंडी सहज जागा मिळते. अखेर विष्णू त्याचा वध करतो आणि मगच मुख्य आख्यानाला सुरुवात होते.

देवकार्यातच असा वात्रट असण्याची रीत अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या होपी लोकांतही आहे. कचिना हे होपींचे पाऊसपाणी देणारे दैवी आत्मे असून मुलींना त्यांची ओळख व्हावी म्हणून कॉटनवूड झाडाच्या मुळातून कोरलेल्या त्यांच्या बाहुल्या त्यांना दिल्या जातात. काटेकोर अर्थाने विदूषक हे कचिना नव्हेत, तरी कोरणारे त्यांनाही वगळत नाहीत. त्यांपैकी कोशारी या विदूषकाच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर दोन शिंगे, शिंगांच्या टोकांना मक्याची पाने आणि पुष्कळदा हातात कलिंगडाची फोड असते, कारण खादाडपणा हा त्याचा ठरलेला दोष. प्रत्यक्ष समारंभात हे विदूषक भर चौकात हावरेपणा आणि निर्लज्जपणा करून दाखवतात, तेव्हा योद्धे कचिना येऊन त्यांना फटकावतात. माणसाने कसे वागू नये, हे गावाला असे हसतहसत कळते.

घाटावरच्या तमाशातला सोंगाड्या मात्र या शिक्षेतून सुटला आहे. गौळणीत तो कृष्णाचा सवंगडी पेंद्या होतो, तर वगात सत्तेची टर उडवतो. सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ वगातले हवालदार असेच गाजवले. संकासुराला वाटेल ते बोलण्याची मुभा विधीने दिलेली असते आणि तिची किंमत तो मरून चुकवतो. सोंगाड्याची मुभा तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांच्या हाती असल्याने हशा पिकवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. त्यामुळे भाषा आणि मुलूख यांचे अंतर कितीही असले, तरी संकासुराचे खरे नाते सोंगाड्यापेक्षा कोशारीशी अधिक जुळते.