पैसा तिचा, निर्णय कोणाचा?

श्रीलंकेला परकीय चलन चहाच्या मळ्यांतून मिळते, हे शाळकरी मुलेही सांगतील. आखाती देशांत घरकामास गेलेल्या स्त्रिया किती चलन धाडतात, याची चर्चा मात्र क्वचितच होते. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास या बेटावरून परदेशी नोकरीस जाणाऱ्यांत सुमारे तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या. त्यांतील बहुसंख्य मोलकरणी.

मिळवत्या व्यक्तीच्या हाती घराची सूत्रे येतात, असा अर्थशास्त्राचा समज. प्रत्यक्षात बऱ्याच घरांत रियाधहून आलेली रक्कम नवऱ्याच्या हाती पडते. चूल मात्र त्याच्याकडे जात नाही. ती आजीकडे, मावशीकडे वा थोरल्या मुलीकडे जाते. (मुलीची शाळा सुटते ती पुष्कळदा इथेच.) काही अनुभवी स्त्रिया आता पैसे आईच्या वा बहिणीच्या नावे धाडतात, एवढाच काय तो त्यांचा अधिकार. घराच्या भिंती विटांच्या होतात, बाई दोन वर्षांचा करार संपवून परतते आणि शिल्लक सरली की पुन्हा निघते.

शासनाची भूमिका तर अधिकच बोलकी आहे. २०१३ साली पाच वर्षांखालील मुलांच्या मातांना परदेशी घरकामास जाण्याची मनाई झाली. परदेशी निघालेल्या बापाला त्याच्या मुलांविषयी कोणी विचारले नाही. पुढे २०२२ मध्ये इंधन घेण्यापुरतेही डॉलर तिजोरीत उरेनात, तेव्हा त्याच वर्षी हा निर्बंध सैल करण्यात आला. मुलांना आईची गरज त्या वर्षी कमी झाली होती, असे काही कोणा वैद्याने सांगितले नव्हते.