कच्चे मडके

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावाहून संत नामदेवांचे नर्सी काही फार दूर नाही. आणि म्हणूनच की काय, मैत्रीचा विषय निघाला म्हणजे या मुलुखातील माणसाला पुराणातल्या कृष्ण-सुदाम्याआधी कयाधूकाठचे नामदेवच आठवावेत, हे मला स्वाभाविक वाटते.

त्यांची मैत्री सांगण्याआधी त्यांचे उणेपण सांगायला हवे. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांकडे संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे हाती घेतले आणि मडकी पारखावीत तसे एकेकाच्या मस्तकावर मारीत ते पुढे सरकले. बाकीचे निमूट बसले; नामदेव मात्र कळवळले, आणि ‘हे मडके कच्चे’ असा निवाडा भरसभेत जाहीर झाला. प्रत्यक्ष विठ्ठलाचा लाडका म्हणून ज्याची ख्याती, त्याने हा अपमान जिव्हारी लागू दिला, पंढरीला जाऊन देवाजवळ गाऱ्हाणे घातले, आणि अखेर आपले उणेपण कबूल करून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांपुढे शिष्य म्हणून हात जोडले. ही कथा विरोधकांनी नव्हे, तर त्यांच्याच संप्रदायाने, त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या कीर्तनकारांनी, काहीही न लपवता आजवर सांभाळली आहे. मला तिचे मोल वाटते ते याचसाठी.

पुढे ज्ञानदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. आणि शके 1218 मध्ये, म्हणजे 1296 साली, आळंदीस या सख्याने समाधी घेतली, तेव्हा ज्ञानोपदेश झालेल्या या पुरुषाने आपला आक्रोश वैराग्याच्या पडद्याआड दडवला नाही, तो अभंगांतून मोकळा केला. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत नामदास घराण्यातील कीर्तनकार तो प्रसंग उभा करतात, तेव्हा श्रोत्यांचे डोळे आजही ओलावतात.

परंतु नामदेवांच्या स्नेहाची खरी हद्द कुठवर गेली, हे मंगळवेढ्यास दिसते. तिथे 1338 साली गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून मजुरांसह त्यांचे मित्र संत चोखोबा गाडले गेले. ज्यांना जिवंतपणी देवळात मज्जाव होता, त्यांच्या अस्थी ढिगाऱ्यातून वेचण्यास नामदेव स्वतः गेले. ज्या हाडातून विठ्ठलनाम ऐकू येईल ते आपल्या मित्राचे, अशी त्यांनी ओळख पटवली, असे परंपरा सांगते. एकेक हाड उचलून कानाशी धरणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या अस्थी त्यांनी पंढरपुरी आणल्या. महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, आणि तिच्यापुढेच, भक्तांची पायधूळ मस्तकी लागावी म्हणून मागून घेतलेली, नामदेवांची पायरी.