शाळेतलं गुण न देणारं माणूस

मुलांच्या मनाची काळजी शाळेत घ्यायची, तर ती घ्यायची कोणी? बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये हा प्रश्न रीतसर तपासून पाहिला गेला. काही शाळांत या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमला. तो मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, प्रशिक्षण देऊन तयार केलेला होता. काही शाळांत हेच काम तिथल्याच एका शिक्षकाकडे सोपवलं. उरलेल्या शाळांत नेहमीचंच चालू ठेवलं. भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे गट, मनातलं लिहून टाकायची पेटी, एकेकट्याशी बोलणं असे उपक्रम पहिल्या दोन्ही प्रकारच्या शाळांत सारखेच होते. २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतंत्र माणूस असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकाकडे काम दिलेल्या शाळांत मात्र नेहमीचंच चाललेल्या शाळांपेक्षा वेगळं काही घडलं नाही.

यात शिक्षकांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. सलग तास, पेपर तपासणं, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं यातून सवड कुठली? शिवाय, जे सर आपले गुण भरतात त्यांच्यासमोर 'मला वर्गात भीती वाटते' असं कुठलं मूल म्हणेल? समुपदेशकाची खरी ताकद इथे आहे. तो गुण देत नाही, शिक्षा करत नाही आणि त्याच्याकडे वेळ असतो.

समुपदेशकाच्या खोलीत काय चालतं?

'कौन्सेलर मॅडमनी बोलावलंय' म्हटलं की वर्गात आजही खसखस पिकते. प्रत्यक्षात तिथे उपदेशाचा डोस पाजला जात नाही. समजा, नववीतल्या मुलाचं गणिताच्या तासाला पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, पोटात काही नाही. समुपदेशक विचारतात, कधी दुखतं? रोज, की तोंडी प्रश्न विचारतात त्या दिवशी? बोलता बोलता कळतं, उत्तर चुकलं की मागच्या बाकावरचे हसतात. म्हणजे अडचण गणिताची नाहीच. मग दोघं मिळून उपाय काढतात : जागा बदलून घ्यायची, सरांशी समुपदेशकांनी बोलायचं, की चिडवणाऱ्यांना बोलावायचं? त्यातला एक उपाय मूल स्वतः निवडतं, आठवडाभर करून बघतं आणि परत येतं. अडचण, पर्याय, कृती या तीन पायऱ्यांची पद्धत दिल्लीच्या सरकारी शाळांत 'संगथ' या मूळ गोव्याच्या संस्थेने वापरली. या पद्धतीची नुसती पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा समुपदेशकाशी बोललेल्या मुलांच्या अडचणींची तीव्रता अधिक कमी झाली.

खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं, याला अपवाद आहेत. मूल स्वतःच्या जिवाला अपाय करण्याचं बोललं, तर पालकांना आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत मुलाला सांगून टाकतो. औषधांची गरज दिसली तर तो मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो, स्वतः उपचार करत बसत नाही.

कल कळला, पुढे काय?

समुपदेशकाकडे येणारं दुसरं काम म्हणजे करिअर मार्गदर्शन. त्याची सुरुवात फ्रँक पार्सन्स यांनी १९०८मध्ये बोस्टनला केली. स्वतःला ओळखा, कामाचं जग ओळखा, मग दोन्हींचा मेळ घाला, हे त्यांचं सूत्र आजही टिकून आहे. मुंबईत पारशी पंचायतीने १९४७मध्ये व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. पुण्यात मानसशास्त्रज्ञ आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि बुद्धिमापनाला शिक्षणाशी जोडलं. २०१६मध्ये राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांची कल चाचणी सुरू केली.

पण चाचणीचा कागद हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कागदावरचा आलेख घरची परिस्थिती सांगत नाही. 'एनडीएत जायचंय' म्हणणाऱ्या मुलीला नुसतं 'शाब्बास' म्हणून भागत नाही. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. हे अकरावीचा फॉर्म भरण्याआधी कळलं तर उपयोग. इंजिनिअर व्हायचंय, पण घरात लवकर कमाई हवी असेल, तर दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश हा रस्ता आहे. असे रस्ते पालकांना शेजारबिल्डिंगमधल्या टॉपरकडून कळत नाहीत.

मन आणि करिअर यांची खातीही वेगळी नसतात. 'सायन्स नको' म्हणणारा मुलगा खरंच कलेकडे ओढला गेलाय, की बायोलॉजीत एकदा नापास झाल्यामुळे घाबरलाय, हे आधी बघावं लागतं. म्हणून दोन्ही कामं एकाच माणसाच्या नजरेखाली असणं बरं.

आता कायद्याचंही बळ

विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत.

कागदावर नेमणूक दाखवणं सोपं आहे. त्यामुळे पुढच्या पालकसभेत गणवेश आणि सहलीच्या जोडीने हेही विचारा : आपल्या शाळेत समुपदेशक आहेत का? आठवड्यातून किती दिवस येतात? त्यांना बदली तासावर तर पाठवत नाही ना? बोलायला दार लावता येईल अशी खोली आहे का? उत्तर 'नाही' आलं तर लेखी मागणी करा. आणि रात्री-अपरात्री गरज पडलीच, तर सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. हा क्रमांक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.