फेस सांगतो पाण्याची गोष्ट

समजा सुट्टीत तुम्ही चिंचवडहून चाकणला खालाच्या घरी गेलात. अंतर साधारण 20 किलोमीटर. सकाळी आंघोळीला बसलात, अंगाला साबण चोळला, पण फेस काही येईना. केस धुतले, तर ते चिकटच राहिले. साबण तोच, हात तेच. मग बदलले काय? बदलले ते पाणी!

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेला मुख्यतः पवना नदीचे पाणी मिळते. मावळ तालुक्यातील पवना धरणात सह्याद्रीवरचा पाऊस साठतो. ते पाणी नदीतून रावेतला येते. तेथून ते निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात. तेथे गाळ खाली बसवून, पाणी गाळून व त्यात क्लोरीन मिसळून ते शुद्ध करतात. पावसाच्या पाण्यात मुळात क्षार फारच कमी असतात. डोंगरउतारावरून ते लवकर धरणात पोहोचते. त्यामुळे वाटेतही थोडेच क्षार मिसळतात.

चाकण परिसरात मात्र अनेक ठिकाणी बोअरचे, म्हणजे विंधनविहिरीचे पाणी वापरतात. हे पाणी काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून हळूहळू झिरपलेले असते. खडकाच्या दीर्घ सहवासात त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. साबण लावला की हे क्षार त्याच्याशी मिळून पांढरट साका तयार करतात. साबण त्यातच खर्च होतो. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. 'फेन' म्हणजे फेस. ज्यात सहज फेस होतो, ते सुफेन पाणी. बोलताना आपण दुष्फेन पाण्याला 'जड पाणी' म्हणतो.

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. नळाच्या तोंडाशी आणि पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता एका लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी; दुसरे पाणी उपलब्धच नसेल, तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालते.

घरी एक प्रयोग करा. दोन सारख्या बाटल्यांत दोन ठिकाणचे पाणी सारखेच घ्या. साबणाचा चुरा पाण्यात विरघळवून त्याचे दहा-दहा थेंब दोन्हींत टाका व हलवा. कपडे धुण्याची पावडर मात्र घेऊ नका, कारण तिला जड पाण्यातही फेस येतो. आणि एका बाटलीवरून साऱ्या शहराचा निकाल लावू नका. पिंपरी-चिंचवडमध्येही काही इमारतींच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळतात. म्हणून आधी विचारा : या नळाचे पाणी येते कोठून?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जड पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे आणि भरपूर फेस येणारे पाणी शुद्धच असते असेही नव्हे. गटाराजवळची जलवाहिनी फुटली, तर सुफेन पाण्यातही कावीळ व विषमज्वराचे जंतू शिरतात. पाणी चांगले उकळले की जंतू मरतात आणि काही क्षारही तळाशी बसतात. परंतु कारखान्याच्या सांडपाण्यातील शिसे किंवा पारा उकळून जात नाही. औद्योगिक पट्ट्यातील बोअरचे पाणी म्हणूनच प्रयोगशाळेत तपासून घ्यावे लागते.

फेस पाण्यातील क्षारांची खबर देतो. आरोग्याची हमी देत नाही. फेस पाहून पाणी ओळखा, पण प्यायचे की नाही हे तपासूनच ठरवा.